समुद्राकडे पाठ

दिवाळी अंकात भांडण उकरून काढू नये, असा एक संकेत आहे. वाचक फराळाचे ताट पुढे घेऊन बसलेला, घरात पाहुणे, दारात रांगोळी. अशा वेळी लेखकाने दोन घटका करमणूक करावी आणि बाजूला व्हावे, हेच शहाणपणाचे. परंतु नरकचतुर्दशीच्या पहाटे, फराळाला हात लावण्यापूर्वी, पायाने कारीट फोडून त्याचा कडू रस जिभेला लावण्याची चालही आपल्याच घरांत आहे. माझा हा लेख कारिटाच्या जागी समजावा. एकदा जिभेला लावून वाचकांनी लगेच चकलीकडे वळावे; माझी हरकत नाही.

माझे म्हणणे असे. लहान मुलांना समुद्राच्या, नदीच्या, तलावाच्या कडेला उभे करून त्यांचे फोटो काढण्याची जी रीत आपण सगळ्यांनी मिळून पाडली आहे, ती वाईट आहे. थोडीथोडकी नव्हे, चांगलीच वाईट आहे. ती मुलाच्या जिवाशी खेळते हे तर खरेच. पण जीव सुखरूप राहिला तरी ती मुलाचे काहीतरी काढून घेते, आणि हे काढून घेणे आपल्या ध्यानातही येत नाही, कारण त्या बदल्यात आपल्या हातात एक सुरेख फोटो आलेला असतो. हे मी दुसऱ्यावर बोट रोखून सांगत नाही. या खटल्यात फिर्यादी मी आहे आणि पहिला आरोपीही मीच आहे. माझा गुन्हा पुढे येईलच.

आता दिवाळीची सुटी लागेल. मुंबई-पुण्याच्या आणि कोल्हापूर-सांगलीच्या मोटारी घाट उतरून कोकणात जातील. काशीद म्हणा, हर्णै म्हणा, गुहागर म्हणा, गणपतीपुळे म्हणा; संध्याकाळी पाचच्या सुमारास कुठल्याही पुळणीवर जाऊन उभे राहा आणि घटकाभर समुद्राकडे न पाहता माणसांकडे पाहा. दर पन्नास पावलांवर एकच नाटक चाललेले दिसेल. तीन-चार वर्षांचे एक मूल पाण्याच्या कडेला उभे आहे. त्याच्यासमोर कोरड्या वाळूवर बाप मोबाइल उंचावून उभा आहे, आई त्याच्या खांद्यावरून डोकावते आहे. "इकडे बघ! बाबांकडे बघ! अगं हस की! थोडी मागे सरक. अजून थोडी. बास, बास!" मूल मागे सरकते. मागे काय आहे? मागे अरबी समुद्र आहे.

या नाटकातली मांडणी कधी कुणी नीट पाहिली आहे काय? फोटोत समुद्र यायला हवा, म्हणून मूल कॅमेऱ्याच्या आणि समुद्राच्या मध्ये उभे राहायला हवे. फोटोत चेहरा यायला हवा, म्हणून मुलाचे तोंड जमिनीकडे आणि पाठ समुद्राकडे. फोटो काढणाऱ्याचे बूट भिजू नयेत, म्हणून तो कोरड्यावर आणि मूल ओल्यात. चार-सहा पावलांचे अंतर हवे, नाहीतर पाय कापले जातात. म्हणजे ज्याला समुद्राची काही कल्पना नाही त्याने समुद्राकडे पाठ करायची. आणि ज्याला थोडीफार आहे, त्याने हात पोचणार नाही इतक्या अंतरावर उभे राहून एका लहानशा काचेकडे पाहायचे. एखाद्या वैऱ्याने ठरवून मांडणी केली असती तरी याहून चोख साधली नसती. समुद्राकडे पाठ करून उभे राहू नये, हे किनाऱ्यावरच्या घरात पोर चालायला लागले की सांगतात. आपण घाटावरची माणसे आपल्या पोरांना मुद्दाम तसे उभे करतो, आणि वर हसायला सांगतो.

दिवाळीचा आणि समुद्राचा एक संबंध आहे, तो पुष्कळांना ठाऊक नसतो. लक्ष्मीपूजन अमावास्येला येते. अमावास्येला आणि पौर्णिमेला समुद्राला उधाण असते आणि त्याचा जोर नंतरचे एकदोन दिवस राहतो. म्हणजे पाडवा-भाऊबीज उरकून आपण जेव्हा सहकुटुंब किनाऱ्यावर उतरतो, तेव्हा भरती खूप वर चढते आणि ओहोटीही खूप खाली जाते. तेवढे सगळे पाणी सहा-सव्वासहा तासांत आत-बाहेर करायचे, तर ते वेगानेच करणार. आमच्याकडच्या दर्यावर्दी लोकांचा एक ढोबळ हिशेब आहे. तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. भाऊबीज म्हणजे द्वितीया. दोनाची पाऊणपट दीड. दुपारी दीडच्या सुमारास भरती पूर्ण. तिथून दिवेलागणीपर्यंत पाणी मागे हटत असते. आता हे पाहा: ऊन पिवळे होते, सावल्या लांबतात, पाणी हटल्यामुळे ओली वाळू आरशासारखी चमकते, मुलाचे उलटे प्रतिबिंब तीत दिसते, फोटोवाल्यांनी जिला सोन्याची वेळ म्हणून डोक्यावर घेतले आहे ती हीच. आणि दिवाळीत नेमक्या याच वेळी समुद्राची ओढ बाहेरच्या बाजूला असते. पायाखालची वाळू सरकते आहे असे मोठ्या माणसाला वाटते, त्याला गंमत वाटते, तो पाय रोवतो. चार वर्षांच्या मुलाचे पाय ते किती रुतणार?

आणखी एक फसवणूक. लाटा फुटत असतात, पण मध्येच एखादा पट्टा शांत दिसतो. तिथे फेस नसतो, पाणी सपाट असते. मुलाला उभे करायला आपण साहजिकच तो पट्टा निवडतो. वस्तुतः किनाऱ्यावर चढलेले पाणी समुद्रात परत जाण्याची वाट पुष्कळदा तीच असते, म्हणून तर तिथे लाट नीट फुटत नाही. जिथे समुद्र गरजतो तिथे आपण मुलाला उचलून घेतो आणि जिथे तो गप्प बसून ओढतो तिथे खाली ठेवतो.

कॅमेराही आपल्याला खरे सांगत नाही. मोबाइलच्या नेहमीच्या भिंगातून पुष्कळ रुंद दृश्य दिसते, आणि अशा रुंद भिंगाचा स्वभावच असा, की जवळचे मोठे दिसावे आणि मागचे लहान व दूर दिसावे. मुलाच्या मागची लाट काचेवर बोटभर दिसते आणि लांब दिसते. बाप म्हणतो, अजून खूप अंतर आहे. अंतर काचेवर असते, पाण्यात नसते. त्यातून समोर सूर्य, काचेवर तिरीप, म्हणून बाप दुसऱ्या हाताने आडोसा करून, मान वाकडी करून त्या काचेत काहीतरी शोधत असतो. त्या क्षणी त्याचे डोळे मुलावर आहेत असे म्हणणे म्हणजे वर्तमानपत्रातला सोन्याचा भाव वाचणाऱ्याला सराफ म्हणण्यासारखे आहे.

कुणी म्हणेल, आजोबा मोबाइलवर घसरले. म्हाताऱ्यांचा हा आवडता उद्योग. म्हणून माझा गुन्हा आता सांगतो. तो मोबाइलच्या कितीतरी आधीचा आहे.

१९८१ सालची दिवाळी. आमचा मुक्काम हर्णैला, माझ्या मावशीकडे. मी अठ्ठावीस वर्षांचा, नंदू चार वर्षांचा, आणि माझ्या गळ्यात वडिलांचा आग्फा क्लिक थ्री. तो कॅमेरा ज्यांनी वापरला आहे त्यांना सांगायला नको. लहानशा खिडकीला डोळा लावायचा आणि खटका दाबायचा. एका रोलमध्ये फोटो बारा. रोल महाग, धुलाई महाग, आणि पगार नवा. म्हणून एकेक फोटो मी देवाला फूल वाहावे तसा विचार करून काढीत असे. भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रोलमध्ये दोनच फोटो उरले होते. समोर सुवर्णदुर्ग, त्याच्या तटावर कलते ऊन. मनात एक चित्र पक्के झाले: डावीकडे किल्ला, उजवीकडे नंदू आणि दोघांच्या मध्ये फुटणारी लाट.

मी नंदूला घोट्याइतक्या पाण्यात उभे केले. तो सारखा मागे वळून समुद्राकडे पाहायचा. त्याला लाट येताना पाहायची होती; पाठीमागून काहीतरी धप्पकन येते आणि पायांना गुदगुल्या करून जाते, हे त्याला पसंत नव्हते. मी दोनदा रागावलो. "नंदू, माझ्याकडे बघ. हललास तर फोटो बिघडेल." शेवटी तो शहाण्यासारखा उभा राहिला, एक हात वर करून हसला. मी लाटेची वाट पाहत होतो. लक्षात घ्या, वाचकहो, मी लाटेची वाट पाहत होतो. लहान लहान लाटा मी सोडून दिल्या. त्या चित्रात शोभल्या नसत्या. मला मोठी हवी होती. ओहोटीतसुद्धा मधूनच एखादी लाट बाकीच्यांहून मोठी येते, तशी ती आली. खिडकीत मला ती नंदूच्या खांद्यामागे उभी राहिलेली दिसली. मी खटका दाबला. काम फत्ते झाले म्हणून समाधानाने रोल पुढे सरकवला, बोटाने चक्र फिरवून शेवटचा आकडा जागेवर आणला. मग मान वर केली.

नंदू नव्हता.

किती वेळ गेला म्हणाल, तर फार नाही. बंदराकडून येणारी एक कोळीण डोक्यावरची पाटी वाळूत टाकून माझ्या अंगावरून धावत गेली, तेव्हा मला कळले की काहीतरी झाले आहे. माझ्याआधी तिला कळले होते, कारण तिच्या डोळ्याला काही लावलेले नव्हते. मी पोचलो तोवर तिने त्याला दंडाला धरून वर काढले होते. तो रडतही नव्हता; नाकातोंडात वाळू, डोळे वाटोळे. तिने त्याला माझ्या हातात दिले आणि म्हणाली, "डबीत काय बघतोस रे भाऊ? पोर बघ आधी!" सांडलेली मासळी गोळा करून ती निघून गेली. मी तिचे नावही विचारले नाही. मासळीचे पैसे द्यावेत हे मला रात्री अंथरुणावर पडल्यावर सुचले.

रात्री जेवताना नंदू आपल्या आईला म्हणाला, "मी पाण्यात झोपलो होतो." तिने माझ्याकडे पाहिले. मी आमटी मागितली.

फोटो अप्रतिम आला. खोटे कशाला बोलू? माझ्या हातून इतका चांगला फोटो पुन्हा निघाला नाही. आमच्या कचेरीतल्या प्रदर्शनात त्याला दुसरे बक्षीस मिळाले. पाहणारे म्हणत, "वा, लाट काय पकडली आहे!" खरेच होते. लाट मी पकडली होती, पोर कोळणीने पकडले. माझ्या पत्नीने तो फोटो भिंतीवर लावू दिला नाही. कारण तिने सांगितले नाही आणि मी विचारले नाही. तिच्या पश्चात कपाट आवरताना तो तिच्या लुगड्यांच्या खाली सापडला, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. तिने टाकूनही दिला नव्हता.

तेव्हा मोबाइलला शिव्या देऊन मला सुटता येत नाही आणि तुम्हालाही येणार नाही. बारा फोटोंच्या रोलनेही हेच केले असते आणि केलेही. फरक इतकाच, की मी एका संध्याकाळी दोनदा आंधळा झालो असतो. आजचा बाप दोनशे वेळा होतो.

"पण आम्ही तिथेच तर असतो," असे सांगण्यात येते. मीही तिथेच होतो. लोकांची समजूत अशी, की मूल बुडायला लागले की ओरडेल, हातपाय झाडील, पाणी उडेल. मग आपण धावू. हे सिनेमात होते. खरोखर बुडणारा माणूस ओरडत नाही, कारण ओरडायला श्वास लागतो आणि त्याचे तोंड पाण्यावर येते ते जेमतेम श्वास घेण्यापुरते. हात हलवून तो बोलावत नाही. ते हात आपोआप पाणी खाली दाबण्यात गुंतलेले असतात. मोठा माणूस असा फार तर मिनिटभर तग धरील. लहान मुलाला तेवढाही वेळ नसतो. त्यातून लहान मुलाचे डोके अंगाच्या मानाने जड. मोठ्या माणसाचे डोके उंचीच्या एक अष्टमांश असते, दोन वर्षांच्या मुलाचे एक पंचमांशाच्या घरात. ते पडते ते डोक्यावर पडते, आणि वीतभर पाण्यातही त्याला ते डोके उचलवत नाही. सगळे कसे अगदी शांतपणे होते. फोटो काढणाऱ्याला कानाचा उपयोग नाही, आणि डोळे त्याने आधीच उसने दिलेले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे २०२१ साली जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मेली आणि त्यांतली जवळजवळ एक चतुर्थांश पाच वर्षांखालची मुले होती. ही सगळी काही फोटोपायी गेली नाहीत, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. बहुतेक घराजवळच्या तळ्यात, विहिरीत, खड्ड्यात, कुणाचे लक्ष नसताना गेली. पण "लक्ष नसताना" हेच तर माझे म्हणणे आहे. आईबाप कामात असताना लक्ष नसणे हे दुर्दैव. मुलाकडेच तोंड करून उभे असताना लक्ष नसणे हा नवा प्रकार आहे. जर्मनीतल्या जीवरक्षकांच्या संघटनेने २०१८ साली जाहीर तक्रार केली, की मुले पाण्यात असताना आईबाप आपापल्या मोबाइलमध्ये बुडालेले असतात. त्याच वर्षी हांबुर्ग शहरात सात वर्षांच्या एका मुलाने पोरासोरांचा मोर्चा काढला. मागणी एवढीच, की मोबाइलशी खेळता तसे आमच्याशी खेळा. आपल्याकडच्या मुलांनी अजून मोर्चा काढलेला नाही. ती गुणी आहेत, उभे करू तिथे उभी राहतात.

स्वतःचेच फोटो काढताना मेलेल्यांची मोजदाद आपल्या डॉक्टरांनी २०१८ साली प्रसिद्ध केली. ऑक्टोबर २०११ ते नोव्हेंबर २०१७ या काळात वर्तमानपत्री बातम्यांवरून जगात असे २५९ मृत्यू सापडले, पैकी १५९ भारतात, आणि कारणांत पहिला नंबर बुडण्याचा. २०२३ च्या जुलैत वांद्र्याच्या बँडस्टँडला खडकावर समुद्राकडे पाठ करून बसलेल्या जोडप्यावर लाट आली आणि बाई गेली. समोर त्यांचीच मुले चित्रण करीत होती. त्या चित्रफितीत पोराची हाक ऐकू येते. ती फीत देशभर हातोहात फिरली. मी ती एकदा पाहिली आणि मला पहिल्यांदा समजले की माझ्या पत्नीने तो फोटो का गुंडाळून ठेवला असेल.

आता दुसऱ्या नुकसानीकडे वळतो. ती मेलेल्या मुलांची नव्हे, जगलेल्या मुलांची आहे. म्हणजे जवळजवळ सगळ्यांची.

मूल समुद्र पहिल्यांदा पाहते, तेव्हा काय होते हे तुम्ही पाहिले आहे? ते गप्प होते. मग एक पाऊल पुढे टाकते, लाट आली की दोन पावले मागे. पुन्हा पुढे. लाटेचा आणि त्याचा काहीतरी करार चाललेला असतो: तू एवढी ये, मी एवढा येतो. भीती आणि आनंद दोन्ही एका ठिकाणी भेटण्याची त्याची ती बहुधा पहिलीच वेळ. या कामात मोठ्यांची गरज एवढीच, की एक बोट धरायला मिळावे. आणि आपण काय करतो? त्याला खांद्याला धरून फिरवतो आणि सांगतो, तिकडे काय बघतोस, माझ्याकडे बघ. शे-दीडशे मैल मोटार हाकून ज्याला समुद्र दाखवायला आणले, त्याला आपलेच तोंड दाखवतो, जे त्याने घरी रोज पाहिलेले असते! यशोदेला कृष्णाच्या तोंडात ब्रह्मांड दिसले, कारण ती नुसती त्याच्या तोंडात पाहत होती. "आ कर, अजून मोठा आ कर, इकडे उजेडात ये," असे ती म्हणत बसली असती, तर तिला मातीही दिसली नसती.

"पण आठवण राहते ना!" हा शेवटचा आणि सगळ्यांत लाडका मुद्दा. कुणाची आठवण? लिंडा हेंकेल या अमेरिकन बाईंनी संग्रहालयात माणसांना फिरवून, काही वस्तूंचे फोटो काढायला लावून आणि काही नुसत्या पाहायला लावून तपासले. १९१४ नव्हे, २०१४ सालची गोष्ट. ज्यांचे पूर्ण फोटो काढले त्या वस्तू लोकांना नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या. डोके म्हणते, कॅमेऱ्याने ठेवले आहे ना, मग मी कशाला ठेवू? मी तर माझ्यापुरते शपथेवर सांगतो, त्या संध्याकाळचा नंदूचा चेहरा मला फोटोतला आठवतो. खिडकीबाहेरचा नाही.

फोटो काढूच नयेत असे मी म्हणत नाही. मी म्हणतो, तो काढणाराने राखणदार म्हणून स्वतःला मोजू नये. राखण दुसऱ्या कुणाकडे तोंडाने बोलून सोपवावी, "आता तू बघ," असे स्पष्ट म्हणून. "सगळे आहेत ना" म्हणजे कुणीच नाही. तो दुसरा मुलाच्या समुद्राकडच्या बाजूला, हाताच्या अंतरावर हवा. फोटोत येईल तर येऊ द्यावा. फोटोकलेच्या बाल्यावस्थेत, एकोणिसाव्या शतकात, एका फोटोला इतका वेळ लागे की तान्हे मूल स्थिर राहायचे नाही. म्हणून विलायतेत आईच मुलाला मांडीवर धरून बसे आणि तिच्या अंगावर गालिचा किंवा पडदा टाकून तिला खुर्चीसारखे भासवीत. असे शेकडो फोटो आजही पाहायला मिळतात: पुढे झबले घातलेले मूल, मागे एक विचित्र कापडी ढीग, आणि कधी त्या ढिगातून बाहेर आलेला एक हात. लोक त्यांना हसतात. मला त्या हाताचा हेवा वाटतो.

आणि चेहऱ्याचा एवढा हट्ट कशाला? मार्टिन मुंकाची या हंगेरियन फोटोकाराने १९३० च्या सुमारास आफ्रिकेत पाण्याच्या काठी तीन मुलांचा फोटो काढला. तीन काळ्यासावळ्या आकृती फेसात धावत शिरताहेत. एकाचाही चेहरा दिसत नाही. पाठ आपल्याकडे, तोंड पाण्याकडे. हा फोटो पाहून आंरी कार्तिये-ब्रेसाँ या पुढे जगभर गाजलेल्या माणसाने कॅमेरा गंभीरपणे हाती धरला, असे तो स्वतः सांगत असे. त्या तिघांना कुणी "इकडे बघा" म्हटले असते, तर काय उरले असते?

एक गोष्ट उरली, ती सणाच्या दिवशी लांबवत नाही. पाण्याकाठची मुले बहुधा उघडी असतात, आणि उघडे मूल पाण्यात खेळताना पाहण्यात पाप नाही. पाहणारे घरचे असतील तोवर. आमच्या वेळी असा फोटो आल्बममध्ये राही आणि फार तर आत्याबाईंना दाखवला जाई. आज तो संध्याकाळच्या आत पाचशे अनोळखी मोबाइलमध्ये जातो आणि तिथून कुणाकडे जातो याचा पत्ता नाही. १९९१ साली अमेरिकेत चार महिन्यांच्या एका बाळाचा तलावात पोहतानाचा उघडा फोटो गाण्यांच्या एका तबकडीवर छापला गेला. आईबापांना २०० डॉलर मिळाले. तीस वर्षांनी, २०२१ साली, त्या बाळाने मोठे होऊन कोर्टात दावा लावला. त्याचे बरोबर की चूक, हे कोर्टाचे काम. मला एवढेच दिसते, की मुले मोठी होतात आणि त्यांना बोलता येऊ लागते.

गेल्या वर्षी दिवाळीत नंदूने हट्ट धरला, हर्णैला जाऊ. मावशी कधीच गेली, घर विकले गेले. आम्ही एका खानावळीत उतरलो. भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुळणीवर गेलो. समोर सुवर्णदुर्ग, तटावर तेच ऊन. नंदू आता अठ्ठेचाळिशीत आहे. हात वर करून हसलेला तो पोरगा आता चष्मा लावतो. माझी नात सई पाच वर्षांची. त्याने तिला घोट्याइतक्या पाण्यात उभे केले आणि सहा पावले मागे येऊन मोबाइल वर धरला. सई सारखी मागे वळत होती. "सई, माझ्याकडे बघ. हललीस तर फोटो बिघडेल."

हे शब्द त्याला कुणी शिकवले, हे मला विचारू नका.

मी चपला काढल्या, विजार दुमडली आणि पाण्यात गेलो. तिच्या पलीकडे जाऊन उभा राहिलो. पाणी गार होते आणि टाचांखालची वाळू भराभर सरकत होती.

"बाबा, तुम्ही फ्रेममध्ये येताय," नंदू ओरडला.

"येऊ दे."

"बाबा, प्लीज. किल्ला झाकला जातोय."

सईने माझे बोट धरले आणि गर्रकन वळली. "आजोबा, ती बघा, ती मोठी येतेय. तिच्यामागे अजून मोठी आहे." आम्ही दोघांनी ती येऊ दिली. गुडघ्यापर्यंत भिजलो. तिने किंकाळी फोडली आणि मग लगेच पुढची मोजायला लागली.

नंदूने फोटो काढलाच. त्यात माझी ओली विजार आहे, सईची पाठ आहे, तिची सुटलेली वेणी आहे, आणि किल्ल्याचा अर्धा बुरूज माझ्या कानामागून डोकावतो आहे. त्याने तो कुणाला पाठवला नाही. मी मागितला, तेव्हा म्हणाला, "बाबा, यात काही नाहीये." दुकानातून कागदावर छापून आणायला मला महिना लागला.